धाकट्याची आंघोळ

आमचा धाकटा चहा फक्कड करतो. पाणी उकळायला ठेवतो, साखर घालतो, पावडर घालतो, मग गॅस बारीक करून बाहेरच्या दाराशी जातो. दार उघडतो, जिन्यात वर बघतो, खाली बघतो, रिकाम्या जिन्याला ‘नको आहे’ असं सांगतो, दार लावतो आणि परत येऊन दूध घालतो. नवीन माणसाला वाटतं कोणीतरी आलं होतं. कोणी आलेलं नसतं. मी त्याला चहा शिकवला त्या दिवशी ऐन पावडरीच्या वेळी एक ब्रश विकणारा आला होता आणि मी त्याला वाटेला लावलं होतं. धाकट्याच्या दृष्टीने तोही चहाचाच भाग. तेवढं काढून टाकायला मी जंग जंग पछाडलं आणि शेवटी हात टेकले. चहा चांगला होतो ना, मग उघडू दे बापड्याला दार.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. वय पंचेचाळिशीकडे, उंची अशी की दारातून जाताना मान वाकवावी लागते, कानशिलांवरचे केस पांढरे. त्याला ऑटिझम आहे आणि बुद्धीची वाढही कमी आहे, हे तो लहान असतानाच आम्हाला सांगितलं होतं. सांगणाऱ्यांनी असंही सांगितलं होतं की विशीनंतर हा नवीन काही शिकणार नाही, त्यामुळे उगाच आशा लावून बसू नका. चहा तो चाळिशीनंतर शिकला. त्या सांगणाऱ्यांना एकदा चहाला बोलवायचं माझ्या फार मनात आहे, पण ते येतील असं वाटत नाही.

तो शिकतो, फक्त आजूबाजूच्या सगळ्या पसाऱ्यासकट शिकतो. कुलूप लावायला त्याला बाबांनी शिकवलं. बाबा कुलूप लावून ते ओढून बघायचे, मग खाकरायचे आणि जिना उतरायचे. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कामाला जातो त्या कारखान्याच्या गाडीसाठी धाकटा दार ओढून खाली उतरतो तेव्हा आमच्या जिन्यात रोज सकाळी बाबा खाकरतात. बाबा गेल्यावर पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी पायरीवर मटकन बसले होते. आता सवय झाली आहे. चादरी वाळत घालायला आईने शिकवलं, त्यामुळे दोरीवर चादर टाकली की धाकटा म्हणतो, ‘आई गं, कंबर.’ त्याची कंबर ठणठणीत आहे.

आईची मात्र खरंच गेली होती. कंबर म्हणजे नेमकं सांगायचं तर खुब्याचा सांधा. काठी घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत जायची ती वाटेत दोनदा भिंत धरून. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, हा सांधा बदलायलाच हवा, नाहीतर थोड्याच दिवसांत तुम्ही अंथरुणाला खिळाल. आईने मान डोलावली, त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन मला सांगितलं की हे काही जमायचं नाही.

‘का जमायचं नाही?’ मी विचारलं.

‘मी टेबलावरच राहिले तर?’

‘टेबलावर कोणी राहत नाही, आई. पुढच्या पेशंटला लागतं ते.’

‘तुला चेष्टा सुचते. त्याला आंघोळ कोण घालणार?’

इथे आंघोळीचं सांगायला हवं. धाकटा आंघोळ स्वतःच्या हातांनीच करतो. आई फक्त बाथरूमच्या बाहेर, लोटलेल्या दारापाशी, स्टुलावर बसते आणि सांगते. पाणी घे. अंगावर घे. साबण. मान. काखेत. पाठ राहिली, पाठ. आता पाणी. तिने सांगितलं की तो करतो. नाही सांगितलं की तो पाण्याचा मग हातात धरून उभा राहतो. एकदा मावशीचा फोन आला आणि आई ‘साबण’ म्हणून जी गप्पांत रंगली ती विसरलीच. धाकटा साबण लावून तसाच उभा. आईला आठवण झाली तोवर साबण अंगावर वाळला होता आणि बिचाऱ्याचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून सकाळी त्या वेळी आमच्याकडे कोणी फोन करत नाही.

‘मी राहायला येते. मी सांगेन त्याला,’ मी आईला म्हटलं. ‘त्यात काय एवढं?’

मी ड्रायव्हिंग शिकवते. ज्यांना सायकलवर धड बसता येत नव्हतं अशी माणसं माझ्याकडून गाडी शिकून गेली आहेत. आवाज माझा खणखणीत आहे, सूचना द्यायची जन्माची सवय आहे, आणि घर माझं दोन रस्ते सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या स्टुलावर ठाण मांडलं आणि म्हटलं, ‘पाणी घे.’

आत शांतता. मी म्हटलं, ‘धाकट्या, पाणी घे.’ दार उघडलं, पंचा गुंडाळलेला धाकटा बाहेर डोकावला, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, ‘आई सांगेल.’ मग दार लावून घेतलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘बघितलंस?’ त्या ‘बघितलंस’मध्ये तिला जरा आनंद झाला होता असं माझं आजही मत आहे.

मी हार मानणाऱ्यातली नाही. म्हटलं, आईच हवी ना, मग आईच देते. मी फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. खरीखुरी आंघोळ चालू असताना घेतला, म्हणजे वेळा बरोबर जमतील. दुसऱ्या दिवशी आईला गॅलरीत नेऊन बसवलं आणि स्टुलावर फोन ठेवला. काय सांगू, सगळं यंत्रासारखं चाललं. पाणी, अंगावर, साबण, मान. मी मनात स्वतःची पाठ थोपटते आहे तोच फोनमधली आई ओरडली, ‘अगं बाई, दूध उतू जातंय, गॅस बंद कर.’ हे मला सांगितलेलं होतं, आदल्या दिवशी. मी ते साफ विसरले होते. धाकटा विसरला नाही. दार धाडकन उघडलं आणि नखशिखांत फेस लावलेला सहा फुटी माणूस गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेला. गॅस बंदच होता. तो त्याने आधी चालू केला, मग बंद केला आणि परत जाऊन मानेपासून पुढे सुरुवात केली.

आई गॅलरीत हसून हसून बेजार. मी फरशी पुसली. पुढे कितीतरी दिवस, समोर खुद्द आई बसलेली असली तरी, मानेला साबण लावून झाला की धाकटा गॅस बंद करायला यायचा. ते दूध त्याच्या डोक्यातून काढता काढता आमच्या नाकी नऊ आले, आणि स्वयंपाकघराची फरशी मात्र तेवढे दिवस लख्ख होती.

शेवटी आम्ही सावकाश बाईंना बोलावलं. त्या ऑटिझमच्या एका केंद्रातून घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना रोजची कामं शिकवतात. त्यांचं खरं नाव चांगलं आहे, पण वाक्याला एकदा तरी ‘सावकाश’ म्हणतात म्हणून आमच्या घरी त्या सावकाश बाई. चहाला दार उघडायची पद्धत त्यांनी पाहिली, रेकॉर्डिंगची कथा ऐकली आणि पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, ‘काकू, त्याला आंघोळ येते हो.’

‘येते कसली? सांगितल्याशिवाय हलत नाही,’ आई म्हणाली.

‘सांगणं हा त्याच्या आंघोळीतला भाग झालाय. पाणी, साबण आणि तुम्ही. आता तुम्हाला त्यातून हळूहळू बाहेर यायचंय. सावकाश. आज दाराशी, पुढच्या आठवड्यात थोडं लांब, मग त्याहून लांब. आणि शब्द कमी करत जायचे.’

ऐकायला किती सोपं. स्टूल दारापासून पॅसेजमध्ये गेलं. पॅसेजमधून हॉलच्या तोंडाशी. शब्द कमी झाले असं आईचं म्हणणं. पण ‘साबण’ म्हणायच्या जागी ती खोकायला लागली. मी म्हटलं, खोकायचं नाही. मग काठी आपटायला लागली. काठी काढून घेतली तर बांगड्या वाजवल्या. मी डोळे वटारले की म्हणायची, ‘मी कुठे काय बोलले?’ आणि आत धाकटा तिच्या प्रत्येक खोकल्याला, काठीला, बांगडीला बरोबर ओळखत होता. खोकला म्हणजे साबण, काठी म्हणजे पाठ. फार तर त्याला एक नवीन भाषा आली होती.

‘आई, तुला गप्प बसता येत नाही का?’ मी एकदा चिडून विचारलं.

‘तुला येतं?’ ती म्हणाली.

हे मात्र खरं. एकदा ती तोंडावर पदर धरून निमूट बसली होती, आतून काही आवाज येईना, आणि मीच ओरडले, ‘अरे, उभा काय राहिलास?’ आमच्या घरात न बोलता बसणं कोणालाच कधी जमलं नाही. बाबा होते तेव्हा तेही बोलायचे. चौघांत कमी बोलणारा एकच, आणि त्याला आम्ही तिघं मिळून चाळीस वर्षं सूचना देत होतो.

तिकडे आईचा पाय रोज थोडा जास्त ओढत चालला होता. एके दिवशी ती बाथरूमपर्यंत पोचायच्या आधीच भिंतीला टेकून खाली बसली. पडली नाही, बसली, असं ती म्हणते. धाकटा आत पंचा गुंडाळून उभा, ती पॅसेजमध्ये जमिनीवर, आणि तिथून ती दात-ओठ खात सांगतेय, पाणी घे, साबण. मी किल्लीने दार उघडून आत आले तेव्हा हे दृश्य. मी तिला उठवलं, पलंगावर निजवलं आणि मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो बराच वेळ थांबला नाही. तू अंथरुणाला खिळलीस तर कोण सांगणार आहे त्याला, मी म्हटलं. काहीच केलं नाहीस तरी तो दिवस येणारच आहे, मग ऑपरेशन करून का येऊ नये. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती एवढी गप्प राहिल्यावर मला भीती वाटली, म्हणून मी तिच्यासाठी चहा करायला उठले, तर धाकटा आधीच दाराशी जाऊन जिन्याला ‘नको आहे’ सांगत होता.

त्या दिवशी क्लासच्या गाडीत बसल्या बसल्या मला सुचलं. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. सुरुवातीला माझा पाय सारखा त्यावर असतो, आणि शिकणाऱ्याला ते कळतं. पाय उचलला तरी मी शेजारी बसलेली आहे हे त्याला कळतच असतं, म्हणून तो स्वतः थांबायला शिकत नाही. मग एक दिवस मी मैदानात गाडीतून उतरते आणि कडेला उभी राहते. ते मैदान रिकामं असतं, घाबरू नका. पण उतरावं लागतं. घरात राहून आईचा पाय काही ब्रेकवरून निघणार नव्हता.

मी सावकाश बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, करून बघा, पण गॅसची मुख्य कळ बंद करा, गीझर कमी ठेवा, आणि लांब जाऊ नका.

लांब जायचं कारणच नव्हतं. आईचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि बाथरूमची झडपांची खिडकी मागच्या गल्लीत उघडते. रविवारी मी गाडी त्या खिडकीच्या बरोबर खाली लावली. आईला हवा खायला नेते म्हणून धरून धरून उतरवलं. धाकट्याला सांगितलं, ‘आम्ही खाली आहोत. तू आंघोळ कर.’ त्याने पंचा उचलला. जिना उतरताना आई दर पायरीला वळून बघत होती.

गाडीत बसल्यावर तिला गल्ली दिसली, वरची खिडकी दिसली आणि सगळं लक्षात आलं. ‘हवा खायला म्हणे,’ ती म्हणाली. ‘दार उघड.’

‘नाही,’ मी म्हटलं, आणि दारांचं लॉक दाबलं.

वर बादलीत नळ सुरू झाला. बादली भरली, नळ बंद झाला. मग काही नाही. आईचे ओठ हलायला लागले. ‘पाणी घे,’ ती पुटपुटली. ‘पाणी घे रे.’ गाडीतून ते वर जाणं शक्य नव्हतं. वर सगळं चिडीचूप.

‘तो उभा आहे,’ आई म्हणाली. ‘मग हातात धरून उभा आहे. पाणी गार होतंय. तुला काळीज आहे की नाही?’

‘थांब जरा.’

‘मागच्या वेळी ओठ निळे पडले होते त्याचे.’

‘आई, थांब.’

तिने हात लांबवला. मला वाटलं माझा हात धरते आहे. ती हॉर्नवर गेली होती. मी तिचं मनगट पकडलं, तिने दुसऱ्या हाताने माझ्या हातावर चापट मारली, चांगली सणसणीत. एक मांजर गल्लीतून जाता जाता थांबून आमच्याकडे बघायला लागलं. खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ‘धाकट्या, पाणी घे’ म्हणून ओरडले असते. म्हणून मी ओठ दातांत धरले. दोघी बायका काचा खाली करून, एकमेकींचे हात धरून, एका खिडकीकडे बघत बसलो होतो.

मग वरून आवाज आला. ‘पाणी घे.’

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी बोलले नव्हते, तीही बोलली नव्हती.

‘अंगावर घे. हं.’ पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला. ‘साबण. मान. नीट, मानेवर मळाची पुटं चढलीत नुसती.’ तो धाकट्याचाच आवाज होता, जाडाभरडा, पण चाल आईची. तोच हेल, शेवटी तोच कंटाळा, तीच माया. ‘काखेत. हसायचं नाही. पाठ राहिली, पाठ. राहतेच रोज. मी काय जन्मभर सांगत बसू? आता पाणी.’

आणि पाणी पडत राहिलं. मगावर मग. एकदाही थांबलं नाही.

‘कोण बोलतंय ते?’ आईने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

‘तू.’

‘मी अशी बोलते?’

‘अश्शीच.’

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. मीही रडले, उगाच लपवत नाही. इतकी वर्षं तो तिच्या शब्दांची वाट बघत उभा होता, कारण ते शब्द दाराबाहेरून येतच होते. ते यायचे थांबले की त्याच्याकडे स्वतःचे होते, अगदी टोमण्यांसकट. हे ऐकायला आम्हाला फक्त थोडा वेळ तोंड मिटून बसायचं होतं, आणि तेवढंच आमच्याकडून झालं नव्हतं.

‘म्हणजे मी नसले तरी करेल,’ आई म्हणाली.

‘करेल. आज केलीच की.’

वर बादली पालथी ठेवल्याचा आवाज झाला. आईने पदराने तोंड पुसलं.

‘तुला एक सांगते,’ ती म्हणाली. ‘कोणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. तो लहान होता तेव्हापासून रोज दिवा लावला की मी देवाकडे एकच मागते. याला माझ्या आधी ने, म्हणते. एक दिवस आधी ने, मग माझं काहीही कर. आई असून मागते. रोज.’

मी तिचा हात तसाच धरून ठेवला.

‘आज नाही मागणार,’ ती म्हणाली. ‘त्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लाव तू, मी जाते. आणि त्याला राहू दे. माझ्या मागे खूप वर्षं राहू दे.’